रंगारणीचा रंग

रंगाऱ्याच्या दुकानात दिवा होता, पण रंग बघायला तो कधी कोणी लावला नाही. दिव्याखाली रंग ठरवणाऱ्याला रंगारी वाईट बोलत नसे, नुसता हसत असे, आणि ते जास्त लागायचं. कापड बघायचं तर हातावर घेऊन उंबऱ्यात यायचं, तेही सकाळी ऊन समोरच्या भिंतीवर असताना. म्हणजे आपल्या अंगावर ऊन नाही, नुसता उजेड. मग मान जरा कलती करायची आणि बघायचं. ओल्या कापडाचं तर तो काही ऐकूनच घेत नसे. ओलं असताना जांभळं म्हणून मिरवणारं कापड वाळल्यावर मातकट निघतं, म्हणून आधी एक कोपरा वाळवायचा आणि मगच तोंड उघडायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे दोन मोठी पातेली, मिठाचा डबा, आणि ढवळायच्या काठ्या, ज्यांची खालची टोकं मुळात कुठल्या लाकडाची होती हे आता देवालाच ठाऊक. मागे दोन खोल्या, त्यांच्या मागे अंगण, अंगणात आडव्या दोऱ्या. लोक विटलेले कोट आणत, पडदे आणत, म्हाताऱ्या आयांच्या शाली आणत. पांढरे कपडेही यायचे, नीळ द्यायला. रंगारी विटलेल्या कपड्याची शिवण जराशी उसवून आतली घडी बघायचा. उन्हाच्या हाती न लागलेला रंग तिथे लपून बसलेला असतो. तो बघितला की मान हलवायचा आणि म्हणायचा, या परवा. एवढंच. बोलायचं खातं रंगारणीकडे होतं.

बायकोला सगळी गल्ली रंगारीण म्हणायची. ती या घरात पहिल्यांदा आली तीच मुळी भांडायला. लग्नाआधीची गोष्ट. आईची शाल रंगवायला टाकली होती, ती हातात घेऊन ही पायरीवर उभी, की सांगितला होता डाळिंबी आणि हा झालाय विटकरी. गल्ल्यावर तेव्हा रंगाऱ्याचा बाप बसायचा. तो म्हणाला, पोरी, डाळिंबी म्हणतात तो हाच. रंगाऱ्याला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं. त्याने शाल उंबऱ्यात नेली, बघितली, आणि बापादेखत म्हणाला, ती म्हणते ते बरोबर आहे. बाप त्या दिवशी जेवताना त्याच्याशी अवाक्षर बोलला नाही. पण वर्षभराने सून आणली ती हीच. दुकानाला दोन डोळस माणसं लागतात, असं काहीसं तो म्हणाला म्हणतात.

पुढे संसार जसा होतो तसा झाला. एक मुलगी झाली, मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. सासूसासरे म्हातारे होऊन गेले. हा कमी बोलणारा, ती त्याच्या वाटचंही बोलणारी. रुसवेफुगवे व्हायचे, पण दुपारी वाळलेले कपडे काढताना एक टोक त्याच्या हातात आणि एक तिच्या हातात असायचं. चादर काही एकट्याने घडी करता येत नाही, त्यामुळे अबोला तिसऱ्या चादरीपर्यंतच टिकायचा.

डोळ्यांचं कधी सुरू झालं ते कोणालाच सांगता येणार नाही, त्याला तर नाहीच. मोतीबिंदू काही दार वाजवून येत नाही. आधी त्याने खिडकीच्या काचा दोषी धरल्या. फडकं घेऊन घासघासून पुसल्या, तरी त्या मळकटच. मग चष्मा जुना झाला म्हणाला. मग दिव्याचे बल्ब पूर्वीसारखे राहिले नाहीत म्हणाला. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती लोकरीच्या गुंड्यासारखं काहीतरी दिसायचं. समोरून गाडी आली की तो भिंतीला हात लावून उभाच राहायचा. पायरीची कड कळेना, म्हणून पाय आधी चाचपून टाकायला लागला. रंगारीण म्हणायची, हळूहळू चालायला लागलात, आता कुठे मला तुमच्याबरोबर चालता येतंय.

रंगांचं मात्र त्याला स्वतःला कळलंच नाही. काळा आणि गडद निळा यांत तो अडखळायला लागला. मग तो कापड तिच्यापुढे धरायचा आणि मास्तर पोराला विचारतो तशा सुरात विचारायचा, हा कुठला, सांग बघू. ती सांगायची. तो म्हणायचा, बरोबर. आणि त्या रंगाचा डबा उघडायचा.

आणि मग नीळ. त्याला सगळंच जरा पिवळट दिसायला लागलं होतं. ते इतकं सावकाश आलं की त्याला वाटलं, कपडेच पिवळे येतायत. धुऊन ठेवलेला सदरा त्याला मळका दिसायचा. मग पाण्यात आणखी नीळ. आणखी एकदा नीळ. दोरीवर लोकांच्या चादरी वाळायच्या त्या आभाळाशी स्पर्धा करणाऱ्या. पहिल्यांदा एक बाई निळा झालेला टेबलक्लॉथ परत घेऊन आली तेव्हा तो आत जेवत होता. रंगारणीने तो मुकाट्याने घेतला, मागच्या दाराने अंगणात नेला, आणि साध्या पाण्यातून तीनतीनदा काढून नीळ उतरवली. त्याला सांगितलं नाही. ज्याने बापादेखत खरं बोलून दाखवलं, ज्याच्या शब्दावर सगळी गल्ली कपडे टाकते, त्याला आता काय सांगायचं, की अहो, तुम्हाला पांढरं दिसत नाही?

मग ते रोजचंच झालं. तो नीळ द्यायचा आणि दुपारी लवंडला की ती काढायची. गिऱ्हाइकांना तिने सांगून ठेवलं, काही वाटलं तर मागच्या दाराने या. लोकही चांगले. कोणी त्याला कळू दिलं नाही. एवढ्या मायेने एखाद्याला फसवायचं तर सगळी गल्ली लागते.

त्याच सुमारास तिच्या अंगाला खाज सुटायला लागली. रंगाची पूड अंगावर उडते, त्यामुळे असेल, म्हणून तिने तेल लावलं. जेवण कमी झालं. तिला वाटलं, वय झालं, आता किती खाणार. शेजारची शिंपीण एकदा बटणं मागायला आली आणि तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, बाई, तू मला पिवळट वाटतेस गं, डोळेसुद्धा. रंगारीण हसली, पण शिंपीण गेल्यावर दुकानात आली आणि नवऱ्याला म्हणाली, शिंपीण असं असं म्हणते.

रंगारी उठला. तिला हाताला धरून उंबऱ्यात आणलं. ऊन समोरच्या भिंतीवर होतं. त्याने तिची हनुवटी उचलली, मान कलती केली, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. शालीला दिला होता तेवढाच वेळ दिला.

"काही नाही," तो म्हणाला. "आहेस तशीच आहेस."

खरं तर तिला माहीत होतं. या माणसाला चादरीतली नीळ दिसत नाही हे त्या उंबऱ्यात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण त्याचं म्हणणं खोडायचं तर चादरींचं सगळं सांगावं लागलं असतं. शिवाय, आहेस तशीच आहेस, हे ऐकायला कोणाला आवडत नाही? तिने ते घेतलं आणि कामाला लागली. शिंपिणीला म्हणाली, ह्यांनी बघितलंय. आणि रंगाऱ्याने बघितलंय म्हटल्यावर शिंपीण तरी काय बोलणार.

असेच काही महिने गेले.

मुलगी सुट्टीला आली. मागच्या दारातून आत पाऊल टाकलं, आईला बघितलं आणि हातातली पिशवी तिथेच सोडली. सरळ दुकानात गेली आणि बापाला म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसत नाही का?"

त्याने आत येऊन बायकोकडे बघितलं. तिला खिडकीजवळ उभी करून पुन्हा बघितलं. त्याला खरोखरच दिसलं नाही.

इस्पितळात सगळं पटापट कळलं. पोटात गाठ होती, तिने पित्ताची वाट अडवली होती. एक नळी घालून बघितली. थोडे दिवस पिवळेपण उतरलं म्हणे, मग पुन्हा चढलं. डॉक्टर चांगला होता, बोलताना खुर्ची जवळ ओढून बसला. आधी आला असतात तर कदाचित काढता आली असती, असं तो म्हणाला. कदाचित हा शब्द त्याने दोनदा वापरला. मुलीने दोन्ही वेळा ऐकला. रंगाऱ्याने एकदाही ऐकला नाही, त्याच्या कानात नुसतं 'आधी' राहिलं.

आईला घरी आणल्यावर मुलगी बापाला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी अंधार करून, थेंब टाकून, यंत्रातून बघितलं. मग समजावून सांगितलं. डोळ्यात एक भिंग असतं, लहानपणी पाण्यासारखं स्वच्छ. वयाने ते गढूळ होतं, पिवळं होत जातं, पुढे तपकिरीसुद्धा. इतकं सावकाश, की माणसाला वाटतं जगच जुनं झालं. निळा रंग सगळ्यात आधी मरतो. चष्मा बदलून उपयोग नाही, थेंबांनी उतरत नाही. ऑपरेशन छोटं असतं. थेंब टाकून डोळा बधिर करायचा, जुनं भिंग काढायचं, स्वच्छ बसवायचं, त्याच दिवशी घरी. एक डोळा आधी, दुसरा काही आठवड्यांनी. घाई नाही, कामाला अडायला लागलं की करायचं. तुमच्या धंद्यात तर आधीच यायला हवं होतं, असं त्या हसून म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

रंगाऱ्याने एकच विचारलं. मग रंग होते तसे दिसतील का?

बऱ्यापैकी, त्या म्हणाल्या.

तो उठला आणि नको म्हणाला.

मुलीला वाटलं, घाबरला. घरी येऊन समजावलं, शिंपिणीने समजावलं, शिंपिणीच्या नवऱ्याने स्वतःचा डोळा दाखवला, की बघा, माझं झालंय, मेलोय का मी? रंगारी मान हलवायचा आणि पातेल्याकडे जायचा. पातेल्यांखालचा जाळ तर कधीच विझला होता. दुकान त्याने बंद केलं होतं. गिऱ्हाईक आलं तर सांगायचा, आता नाही बघत.

खरं काय ते त्याने फक्त तिला सांगितलं. दुपारची वेळ, मुलगी औषधं आणायला गेलेली. तो म्हणाला, सगळे म्हणतात तू पिवळी झालीस. इस्पितळातले म्हणाले, पोरगी म्हणाली. मी बघतो तर तू तीच. एवढा एक डोळ्यांचा उपकार राहिलाय, तोही काढून टाकू?

रंगारणीला ते ऐकून बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं. तिने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावला होता. भेटायला येणारी माणसं दारात क्षणभर दचकायची आणि मग खूप गोड बोलायची. पोटची पोरगीसुद्धा भात भरवताना वाटीकडे बघायची. या सगळ्या दुनियेत एकच माणूस तिच्याकडे न दचकता बघत होता. तो आत आला की तिला वाटायचं, आपण अजून आहोत.

पण आजार माणसाला घासत नेतो. दिवस गेले तशी ती वाळली, बोलणं थोडं झालं. आणि त्याचं ते बघणं तिला वेगळंच वाटायला लागलं. तो उशाशी बसून तिच्याकडे बघायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच व्हायचं नाही. जणू शेजारी कोणी दुसरीच बाई निजली आहे, धडधाकट, आणि तो तिच्याकडे बघतोय.

एका सकाळी तिने मुलीला बाहेर बसायला सांगितलं आणि चादरींचं सगळं त्याला सांगून टाकलं. टेबलक्लॉथवाली बाई, मागचं दार, अंगणातलं साधं पाणी, गल्लीने पाळलेलं गुपित. काही राखलं नाही. तो ऐकत होता.

मग तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी उंबऱ्यात तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं नीट बघत होतात माझ्याकडे," ती म्हणाली. "मध्ये कशी बोलू?"

त्याने तोंडावर हात घेतला. तिला रडायला पाणीही कमी होतं आणि जीवही, म्हणून तिने कामाचंच काढलं. "मी गेल्यावर तुमची नीळ कोण काढणार? करून घ्या ते. आणि माझ्यासाठी म्हणून नका करू असं मी म्हणणार नाही. माझ्यासाठीच करा. सगळे मला बघून तोंड फिरवतात. तुम्ही बघता, पण तुम्ही बघता ती मी नाही हो. मला फार एकटं वाटतं."

एवढं बोलून ती दमली आणि डोळे मिटून पडली.

त्या आठवड्यातच त्याने डोळा करून घेतला. मुलीने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, त्यांनी वेळ काढून दिली. टेबलावर त्याला कोणी काय वाटतंय विचारलं तर त्याने एकच विचारलं, उद्या नक्की पट्टी काढाल ना? दुखलं नाही. एक मोठा उजेड दिसला, पाण्यात रंग सोडावे तसे काही रंग हलले, आणि झालं. घरी आला तेव्हा डोळ्यावर पट्टी. रंगारणीने त्याला बघितलं आणि म्हणाली, चोर दिसताय. बऱ्याच दिवसांनी ती स्वतःहून काही बोलली होती.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आधी पडदा दिसला, पांढरा. पांढरा म्हणजे काय हे तो विसरला होता. मग त्यांच्या कोटाच्या खिशातलं पेन, निळं. येताना रस्ताभर मुलीचा हात धरून तो बघत राहिला. आभाळ त्याला नीळ जास्त झाल्यासारखं वाटलं. एक डोळा मिटला की सगळं जुनं, चहाच्या पाण्यातून काढल्यासारखं. दुसरा मिटला की नवं, सगळ्या कडा तासलेल्या. मुलगी म्हणाली, बाबा, खेळ नका करू, पडाल.

घरापाशी आल्यावर मात्र त्याची पावलं अडली. पायरी आता स्पष्ट दिसत होती, तरी त्याने पाय आधी चाचपून टाकला. दारावरचा पडदा त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेला होता. तो त्याला तेव्हा उदी वाटला होता, आता बघतो तर भडक जांभळा. वीस घरांना दिसत होता आणि कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

ती उठून बसली होती. मुलीने सकाळी केस विंचरून दिले होते. खिडकी उघडी होती आणि ऊन समोरच्या भिंतीवर होतं.

त्याने बघितलं.

ते पिवळं नव्हतंच नुसतं. पिवळ्याखाली हिरवट होतं, जुनं पितळ न घासता ठेवल्यावर येतं तसं. डोळ्यांचं पांढरं कुठे उरलंच नव्हतं. गाल गेलेले. हात चादरीवर होते, आणि चादर पांढरीशुभ्र, त्यामुळे हात आणखीच. त्याचा नवा डोळा काही म्हणता काही सोडत नव्हता. कानामागचा खळगा, खाजवून झालेले ओरखडे, ओठावरची साल. एवढं सगळं इथे होतं आणि तो रोज येऊन बसून जात होता.

त्याचा चेहरा बदलला. तो दचकला, इतर सगळे दचकायचे त्याहून जास्त दचकला, आणि त्याने ते लपवलं नाही. पण तोंड फिरवलं नाही. खुर्ची ओढून जवळ बसला, तिची हनुवटी उचलली आणि बघत राहिला. नव्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलेलं होतं, तर मुलगी कापूस घेऊन पुढे झाली. रंगारणीने तिला हातानेच थांबवलं.

"कुठला?" तिने विचारलं. "सांगा बघू."

त्याने वेळ घेतला. रंगाच्या बाबतीत तो आयुष्यात कोणाशी खोटं बोलला नव्हता, आणि चुकीचं बोलला होता तो याच चेहऱ्याबद्दल.

"पितळी," तो म्हणाला. "हिरव्याची झाक आहे. डोळ्यांत जास्त."

"हं," ती म्हणाली. "मलाही तसाच वाटला होता."

आणि तिने डोकं त्याच्या हातावर टाकलं, एखादं जड ओझं पायरीवर ठेवावं तसं. त्या दिवशी ती नीट झोपली.

पुढचे दिवस तो तिच्याजवळून हलला नाही. ओठांची साल तूप लावून त्याने मऊ केली, ओरखड्यांना औषध लावलं, नखं कापली, चादर बदलली. दिसत होतं म्हणून करता येत होतं. लोक आले की तोच सांगायचा, आज जरा गडद आहे, काल बरी होती. ऐकणाऱ्याला कसंतरी व्हायचं. तिला होत नसे. ती एका पहाटे गेली. तो जवळ होता, आणि शेवटी शेवटी तिचा रंग कसा उतरत गेला ते सगळं त्याने बघितलं. कोणाला सांगितलं नाही.

सगळी माणसं पांगल्यावर मुलगी म्हणाली, दुसऱ्या डोळ्याचं काय करायचं, बाबा? तो म्हणाला, राहू दे. मुलगी समजली. त्या जुन्या डोळ्यात ती अजून गव्हाळ होती. निदान असेल, असं त्यालाही वाटत होतं.

बरेच दिवस त्याने तो डोळा जपला. मग एका दुपारी, मुलगी तिच्या घरी परत गेल्यावर, तो पलंगासमोर बसला आणि नवा डोळा हाताने झाकला. जुन्याने बघितलं. पलंग पिवळट दिसला, उशी पिवळट, भिंत पिवळट. तिच्यासारखं कुठे काही नव्हतं. हात काढला आणि नव्याने बघितलं. पलंग होता, उशी होती, भिंत होती.

तो असाच दिवस कलेपर्यंत बसला. मग उठून दोरीवरची चादर काढायला गेला. दोन्ही टोकं एकट्याला धरता येईनात, म्हणून ती हातावरच गोळा केली, आत आणून खुर्चीवर टाकली, आणि मुलीला फोन लावून म्हणाला, डॉक्टरीणबाईंना विचार, कधी येऊ.